जुन्या एस्टीमला कडक लोअरिंग स्प्रिंगा बसवाव्यात का? कोल्हापूरच्या रस्त्यांवरचा दहा महिन्यांचा अनुभव

माझी मारुती एस्टीम २००३ सालची आहे. वजनाला हलकी आणि इंजिनाला चपळ असलेल्या या गाडीचे उत्पादन २००७ मध्ये बंद झाले, तरी आमच्या घरात ती आजही रोज वापरात आहे. गेल्या वर्षी मात्र तिची चाल बिघडली. पुणे-बेंगळुरू महामार्गावर वेग ९० च्या पुढे गेला की मागची बाजू डोलायची, पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी बाहेरच्या अंगाला नको तितकी कलंडायची आणि एखाद्या उंचवट्यावरून गेल्यावर दोन-तीन हेलकावे खाऊनच स्थिर व्हायची. यावर उपाय म्हणून मी कडक आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांचा संच घेतला. या संचाचा ताठरपणा मूळ स्प्रिंगांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये तो बसवून घेतला. शॉक ॲब्सॉर्बर जुनेच राहू दिले, आणि माझी खरी चूक तीच होती.

पहिले दोन दिवस मी अत्यंत समाधानी होतो. गाडी दिसायला देखणी झाली होती, कावळा नाक्याच्या चौकात वळताना ती कलंडत नव्हती आणि स्टिअरिंग फिरवले की लगेच प्रतिसाद मिळत होता. तिसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्यावर, जिथे डांबर उखडलेले होते, तिथे हे समाधान टिकले नाही. गाडी डोलत नव्हती, पण उडत होती. वळणाच्या मध्यावर छोटा खड्डा आला की मागचे चाक रस्त्यावरून किंचित सुटून परत आपटत असल्याचे स्पष्ट जाणवायचे. रस्ता घट्ट पकडून ठेवण्यासाठी ज्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्याच चाकाला रस्त्यापासून दूर फेकत होत्या.

याचे कारण समजून घेतल्याशिवाय कोणीही या खर्चात पडू नये, असे मला मनापासून वाटते. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. तो परत येणारा जोर शोषून हेलकावा विझवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे असते. स्प्रिंगचा ताठरपणा ३० टक्क्यांनी वाढला, तर पूर्वीइतकाच आवर ठेवण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचा रोध सुमारे १४ टक्क्यांनी वाढावा लागतो. माझे शॉक ॲब्सॉर्बर तर मूळ क्षमतेपेक्षाही दुबळे झालेले होते. त्यामुळे एका बाजूने मागणी वाढली आणि दुसऱ्या बाजूने पुरवठा आधीच आटलेला होता. तीन महिन्यांतच मागच्या एका शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले.

दुसरी अडचण चाकाच्या वर-खाली होण्याच्या जागेची आहे. गाडी ३५ मिलिमीटर खाली बसली की चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागा तेवढीच कमी होते. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वर जाण्याची हद्द अडवणारा रबरी ठोकळा, लवकर टेकतो, आणि त्या क्षणी त्या चाकाचे सस्पेन्शन जवळजवळ ठोकळ्यासारखे होते. हे वळणावर घडले तर पकड अचानक सुटू शकते. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या) रचनेत आणखी एक बारकावा आहे. गाडी खाली आणली की चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलंडते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. त्यामुळे कडक स्प्रिंगेने मिळवलेल्या फायद्याचा काही भाग परत जातो. चाकांचे कोनही बदलतात. मी स्प्रिंगा बसवल्यावर अलाइनमेंट करण्यात पंधरवड्याची दिरंगाई केली आणि तेवढ्यात पुढच्या टायरांची आतली कड झिजू लागली.

आपल्या भागातील रस्त्यांचा विचार वेगळा करायला हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, पण गल्लीबोळांत ज्या अरुंद, उभ्या उंचवट्यांवरून आपण रोज जातो त्यांचा या मापांशी फारसा संबंध नसतो. घरातील पाच माणसे बसवून जोतिबाला जाताना इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दोनदा घासला. ऊस हंगामात याहून अधिक त्रास झाला. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की आपल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते, आणि तिथली पायरी साडेतीन सेंटीमीटर खाली बसलेल्या गाडीला फार मोठी असते. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

सहाव्या महिन्यात मी चारही शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवले. सोबत पुढचे स्ट्रट माउंट, आर्मचे बुश आणि लिंक रॉडही बदलले. त्याच लोअरिंग स्प्रिंगांसह गाडी ओळखू न येण्याइतकी सुधारली. उडणे थांबले, महामार्गावर ती शांत झाली. पण चेंबर घासणे आणि मागच्या सीटवरील धक्के तसेच राहिले. मग आठव्या महिन्यात, केवळ तुलना व्हावी म्हणून, नवे शॉक ॲब्सॉर्बर ठेवून मूळ स्प्रिंगा परत चढवल्या आणि पन्हाळ्याचा तोच घाट त्याच वेगाने चढलो. गाडी थोडी जास्त कलंडते, एवढाच फरक उरला. ज्या डोलण्यासाठी मी स्प्रिंगा घेतल्या होत्या, ते डोलणे कुठेच नव्हते. दुखणे शॉक ॲब्सॉर्बरचे होते आणि मी औषध स्प्रिंगांना दिले होते.

म्हणून ज्यांची गाडी पंधरा-वीस वर्षांची आहे त्यांनी आधी साधी तपासणी करावी. गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला नाही आणि पुन्हा-पुन्हा हलत राहिला, तर स्प्रिंगेकडे पाहण्याआधी शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत. त्यानंतरही कडकपणा हवाच असेल, तर मूळ उंची कायम ठेवणारी किंवा फार तर २० मिलिमीटर खाली बसवणारी स्प्रिंग शोधावी. तारेची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी, कारण ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: बाकी सारे तेच ठेवून १० मिलिमीटरच्या जागी ११ मिलिमीटरची तार आली तर ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली बसवण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा. तापवल्याने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरते, आणि फौंड्रीच्या या गावात ते कोणालाही समजावून सांगावे लागू नये.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा गाडीतील बदलांशी थेट संबंध आहे आणि जुन्या गाडीला १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणीसाठी पासिंगला जावेच लागते, तेव्हा परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांना आधी विचारून घेणे श्रेयस्कर.

सपाट काँक्रीटवर आणि एकट्यानेच गाडी चालवणाऱ्याला हा संच, नव्या शॉक ॲब्सॉर्बरसह, मी नाकारणार नाही. रोज कुटुंबासह गाडी वापरणाऱ्याला मात्र तो घेऊ नका असेच सांगेन. आणि स्प्रिंगा बदलल्याच, तर काढलेल्या मूळ स्प्रिंगा जपून ठेवाव्यात. माझ्या गॅरेजवाल्याने त्या भंगारात न टाकता तेल लावून गोणीत बांधून ठेवल्या होत्या, म्हणूनच मला ही तुलना करता आली आणि गाडी पुन्हा पूर्ववत झाली.