घडीचं टेबल: साडेसहाशे रुपयांत दहावी

लेकीची दहावी, शाळा मोबाईलवर आणि घर दीड खोल्यांचं. शिलाई मशीनवर वही ठेवून लिहायची बिचारी. म्हणून एप्रिल 2021 मध्ये हे मांडी घालून बसायचं टेबल मागवलं. 20 तारखेला दहावीची परीक्षा रद्द झाली, 21 ला टेबल दारात! म्हटलं, आता यावर पापड लाटू.

पण निकाल नववीच्या 50 आणि दहावीच्या अंतर्गत 50 गुणांवर लागणार होता, त्यामुळे राहिलेल्या चाचण्या घरूनच. मग टेबलाची खरी परीक्षा झाली. एक पाय किंचित आखूड. भूमितीत कंपासनं वर्तुळ काढलं की टोकं जुळायचीच नाहीत, रडकुंडीला आली पोरगी. शेवटी पायाखाली काड्यापेटीचं झाकण सरकवलं, ते अजून तिथंच आहे. मोबाईलची खाच छान, फक्त उभा ठेवला की चार्जरची पिन बसत नाही. ग्लासासाठी गोल भोक कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. आमचा स्टीलचा पेला त्यात अडकला, ओढताना चहा सांडला आणि तो कोपरा फुगला तो फुगलाच.

वजनाला मात्र हलकं. घडी करून कपाटामागे सरकतं, रात्री गादी घालायला जागा मोकळी. बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत. हल्ली सासूबाई त्यावर पोथी वाचतात, त्यांची काही तक्रार नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण काड्यापेटीचा.