वजन तेच, पण मांस किती आणि पाणी किती? डायलिसिसच्या रुग्णासाठी कोणती तपासणी निवडावी

काट्यावर महिनोन्‌महिने ५८ किलोच दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्या ५८ किलोंत दोन किलो मांस झडून त्याजागी दोन किलो पाणी साचलेलं असू शकतं. बाह्या ढगळ होतात, उताणं झोपलं की दम लागतो, बीपी हटत नाही, आणि फाइलीत ड्राय वेट (डायलिसिसमध्ये जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन) मात्र जुनंच. म्हणून आहारतज्ज्ञ म्हणून मी प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारते: हिला पाणी आणि मांस वेगळं ओळखता येतं का?

अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाच्या तपासणीला, येत नाही. ते ३.८ (ग्रॅम/डेसिलिटर) च्या खाली गेलं की नुसतं खाणं कमी पडलं असं समजू नका. जंतुसंसर्ग असला, अंगात दाह असला तरी ते उतरतं; पाणी वाढलं तरी पातळ होऊन कमी दिसतं. धोका कळतो, कारण कळत नाही.

डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांची एक तपासणी) चरबी आणि हाडं छान मोजतो, पण अंगावर धरलेलं पाणी मांसातच जमा करतो. केवळ पोषणासाठी त्यावर खर्च करू नये, असं माझं मत.

खरी निवड एसजीए (सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट, म्हणजे विचारून-चाचपून केलेली पोषणाची तपासणी) आणि बायोइम्पीडन्स (सौम्य विजेच्या मदतीने केलेली मोजणी) यांच्यात आहे. एसजीएमध्ये भूक, उलट्या, सहा महिन्यांतलं वजन, रोजची कामं होतात का, हे विचारून मग कानशिलं, गळ्याची हाडं, दंड, मांड्या चाचपून १ ते ७ गुण देतात. ७ म्हणजे उत्तम. यंत्र लागत नाही, सरावलेला हात लागतो. त्याच हातांना पायावरची सूजही कळते. मात्र सुरुवातीची बारीक झीज यात निसटू शकते.

ती झीज बायोइम्पीडन्समध्ये लवकर दिसू शकते. हातापायांना पट्ट्या लावून अतिशय सौम्य वीज सोडतात, काही मिनिटांत होतं. यंत्र अनेक फ्रिक्वेन्सींचं असावं. तेच पेशींच्या आतलं आणि बाहेरचं पाणी नीट वेगळं करतं. डायलिसिस संपल्यावर किमान ३० मिनिटांनी, आडवं झोपून, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) नसलेल्या बाजूला मोजायचं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि एका आकड्यावर भरवसा नको. त्याच यंत्रावर, त्याच वेळी घेतलेले चार आकडे कुठे चाललेत ते बघा.

दोन्ही तपासण्या करणं परवडत नसेल तर दर काही महिन्यांनी एसजीए करा, सोबत फिस्टुला नसलेल्या हाताची पकड मोजा. बीपी किंवा ड्राय वेटचं गणित बसत नसेल तेव्हा बायोइम्पीडन्ससाठी मोठ्या सेंटरला जाणं सार्थकी लागतं.

त्याआधी तीन दिवसांचं खाणं लिहून काढा. त्यात डायलिसिसचा एक दिवस हवाच. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोंना साधारण ५८ ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. डायलिसिस सुरू होण्याआधी सांगितलेलं ‘डाळ कमी, अंडं नको’ हे पथ्य कित्येक घरांत अजून तसंच चालू असतं.