आयर्लंडची ‘माय ऑप्शन्स’: हेल्पलाइन चोख, कायदा अडेलतट्टू

नको असलेल्या गर्भारपणात पहिला फोन सरकारी आरोग्यसेवेच्या या मोफत हेल्पलाइनलाच करावा. गुगलवर आधी दिसेल त्या ‘समुपदेशन केंद्रा’ला नको, त्यांतली काही गर्भपातविरोधी मंडळींची असतात आणि मुद्दाम वेळ काढतात.

वेळच इथे मोलाची. स्वतःच्या इच्छेने गर्भपाताची मर्यादा 12 आठवडे, तीही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंधाच्या दिवसापासून मोजलंत तर दोनेक आठवडे चुकलात. शिवाय गर्भारपण या मर्यादेत असल्याचं डॉक्टरने प्रमाणित केल्यावर तीन दिवस थांबणं सक्तीचं. 9 आठवड्यांपर्यंत जीपीकडून (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून) गोळ्या: आधी मिफेप्रिस्टोन, 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल. त्यापुढे रुग्णालय. दहावा-अकरावा आठवडा असेल तर फोनवर तेच आधी सांगा.

2018 च्या कायद्याने डॉक्टरला सदसद्विवेकाच्या कारणावरून नकार देता येतो. रुग्ण दुसऱ्याकडे सोपवणं बंधनकारक, पण त्यात दिवस जातात, आणि ते तीन दिवस प्रमाणपत्रापासूनच मोजतात. हेल्पलाइन थेट सेवा देणाऱ्या जीपीचाच नंबर देते, हा तिचा खरा उपयोग. दुभाषीही मिळतो. बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेल्यावर मरण पावल्या, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. (1985 पर्यंत कंडोमलाही डॉक्टरची चिठ्ठी लागे!)

गोळ्या घेतल्यावर दोन आठवड्यांनंतरची गर्भतपासणी जीपीने दिलेल्या कमी संवेदनशील किटवरच करा. दुकानातलं किट गर्भ नसतानाही पॉझिटिव्ह दाखवू शकतं.