गाडीचा स्टॉल वाढवून देतो म्हणाला आणि माझाच जुना टॉर्क कन्व्हर्टर रंगवून बसवला

दिवाळीनंतर एका गॅरेजवाल्याकडे माझे 68,000 रुपये गेले, ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा टॉर्क कन्व्हर्टर बदलून घेण्यासाठी. एकदम नाही, तीन टप्प्यांत. आधी 30,000 ‘पार्ट मागवायला’, मग 25,000 गाडी गॅरेजात घेताना आणि उरलेले 13,000 गाडी ताब्यात देताना. तिन्ही वेळा मोबाईलवरून पाठवले आणि एकदाही बिल मागितलं नाही. गेल्या आठवड्यात परभणीच्या एका पोराचा फोन आला. त्यालाही तोच माणूस तोच ‘इम्पोर्टेड हाय स्टॉल कन्व्हर्टर’ देतोय, म्हणजे गाडी सुटताना इंजिन जास्त फेऱ्यांवर चढू देणारा. म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

माझी गाडी शेवरोले क्रूझ, दोन लिटर डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीने 2017 मध्ये भारतातली विक्री बंद केली, तेव्हापासून कुठलाही पार्ट म्हटलं की शोधाशोध. ‘बाहेरून मागवावा लागतो, बिल नसतं’ हे त्याचं बोलणं मला खरं वाटलं ते त्यामुळेच. रोजचं जालना–संभाजीनगर याच गाडीने होतं. हौस एवढीच की आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर कधीतरी पाव मैल, म्हणजे 402 मीटर, नीट पळवून बघायची. समृद्धीवर असले खेळ मी करत नाही, कुणी करूही नयेत.

अडचण सुटतानाची होती. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तरी इंजिन 1,700 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, अडकायचं. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, भरायच्या आत दिवा हिरवा व्हायचा आणि मॅन्युअलवाले पुढे निघून जायचे.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेलं बंद भांडं. इंजिनाकडचा पंप तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचं टर्बाइन त्या तेलाने फिरतं आणि मधला स्टेटर परत येणारं तेल वळवून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो, अगदी सुरुवातीला साधारण दुपटीपर्यंत. टर्बाइन जागेवर धरून ठेवलं आणि इंजिनाला पूर्ण ताकद दिली, तर इंजिन ज्या आरपीएमवर जाऊन थांबतं तो स्टॉल. मला कुणी आधी सांगायला हवं होतं ते पुढेच आहे: हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो. कन्व्हर्टर तोच ठेवून इंजिनाचा टॉर्क दुप्पट केला तर स्टॉल सुमारे 1.4 पट होतो. म्हणजे इंजिनाचा टॉर्क विचारल्याशिवाय कुणालाही स्टॉल सांगता येत नाही. त्या माणसाने मला टॉर्क विचारला नाही, गाडीचं वजन, टायरची साइज, रोजचा प्रवास, काहीच विचारलं नाही. ‘बजेट किती?’ एवढंच विचारलं आणि 2,800 चा आकडा ठोकून दिला.

गाडी द्यायच्या दिवशी त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं. ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटर दिला, काटा 2,400 वर. आधी 1,700 होता, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. ‘अजून थोडा बसला की 2,800 होईल भाऊ,’ म्हणाला. गाडीखाली वाकून मी काळाकुळकुळीत नवा रंग पाहिला आणि उरलेले पैसे पाठवले. माझं स्वतःचं शेतीअवजारांचं वर्कशॉप आहे, लेथवर वीस वर्षं गेलीत. तरी मी रंगावर विश्वास ठेवला, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

ते 700 आरपीएम कुठून आले हे नंतर कळलं. कारखान्यातून आलेला कॉम्प्युटर ब्रेक दाबलेला असताना इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवतो, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. त्या माणसाने रिमॅप करून, म्हणजे कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, ती मर्यादा काढली, बाकी काही केलं नाही. आता टॉर्क निम्म्यावर दाबलेला होता असं धरून हिशेब करून बघा: निम्म्या टॉर्कला 1,700, तर पूर्ण टॉर्कला 2,400. बरोबर तोच आकडा.

चैत्र संपता संपता बदनापूरच्या अलीकडे गाडी घसरायला लागली. इंजिन ओरडायचं, वेग वाढायचा नाही. जुन्या जालन्यात एक चाचा आहेत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतात. या गाडीच्या गिअरबॉक्सला ऑइल बघायची काडी (डिपस्टिक) नाही, म्हणून त्यांनी खालून थोडं ऑइल काढलं आणि माझ्या नाकाजवळ धरलं. काळं आणि करपलेलं. मग गिअरबॉक्स उतरवला, कन्व्हर्टर फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘बेटा, ये तो कभी खुला ही नहीं.’

स्टॉल वाढवायचा तर कन्व्हर्टर लेथवर शिवणीतून कापावा लागतो. आतल्या पात्यांचा कोन बदलायचा किंवा दुसरा स्टेटर टाकायचा, परत वेल्ड करायचा, बॅलन्स करायचा. नाहीतर कमी व्यासाचा दुसराच कन्व्हर्टर आणायचा. माझ्या कन्व्हर्टरची वेल्डिंग कारखान्याची, एकसारखी, तिच्यावर जुना गंज आणि गंजावर रंग. व्यास जसाच्या तसा. दोन वर्षांपूर्वी पुढचं ऑइल सील बदललं तेव्हा मी कन्व्हर्टरचा नंबरासकट मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. रंग खरवडला, तर फोटोतलाच नंबर निघाला.

ऑइल जळलं त्या गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून. ‘लाँच करायच्या आधी पंधरा-वीस सेकंद धरून ठेव, टर्बो गरम होतो.’ स्टॉलवर धरलं की इंजिनाची सगळी ताकद तेलात उष्णता होऊन जाते. पाच सेकंदांच्या वर धरायचं नसतं, आणि नंतर न्यूट्रलमध्ये ऑइल फिरू द्यायचं असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर असतो, तेव्हा तर जास्तच जपायचं. खरा हाय स्टॉल विकणारा माणूस ऑइल कूलरचं नाव आधी काढतो. याने ते शेवटपर्यंत काढलं नाही.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. या डिझेलचा खरा जोर दोन हजारांच्या आसपास आणि साडेचार हजाराला दम संपतो. रोज हायवेला चालणाऱ्या असल्या गाडीला 2,800 खरोखर बसवला असता, तर लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच, सुटलेला असताना ती सारखी घसरत, ऑइल तापवत राहिली असती. चाचांचा अंदाज 2,300–2,400 चा. म्हणजे मला लागणारा स्टॉल माझ्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये होताच. न झालेल्या कामाचे मी 68,000 दिले.

त्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, ‘तुमच्या मिस्त्रीनेच बदलला असेल.’ दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक.

परभणीच्या पोराला मी एवढंच सांगितलं: गाडी देण्याआधी चाचासारख्या माणसाकडून कन्व्हर्टरवरचा नंबर बघून घे. कापल्याचा, वेल्ड केल्याचा आणि बॅलन्स केल्याचा व्हिडिओ आधी ठरवून माग. जुना पार्ट परत घे. जीएसटी बिल नाही तर पैसे नाहीत. ब्रेकवरचा काटा पुरावा धरू नकोस. रिमॅप केलाय का ते विचार.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल नसलं तरी पैसे पाठवल्याच्या तिन्ही नोंदी आहेत, त्याचे मेसेज आहेत, नंबरचे दोन्ही फोटो आहेत. आणखी कुणाला याच माणसाने रंगवलेला कन्व्हर्टर दिला असेल, तर गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा रंग खरवडायच्या आधी फोटो काढा, मग खरवडा, मग परत काढा.