केमोच्या थकव्यात घरी येणारी नर्स: पुण्यातला अनुभव

आईच्या केमोच्या काळात आम्ही एका नर्सिंग ब्यूरोकडून सिस्टर लावली होती. सिस्टरना 5 पैकी 5. ब्यूरोच्या कारभाराला 3.

आईला स्तनाचा कर्करोग, दर 21 दिवसांनी लाल रंगाची केमो. उलट्या गोळ्यांनी आटोक्यात होत्या, पण थकवा असा की रात्रभर झोपून उठली तरी दात घासून पुन्हा आडवी. भेटायला येणारा प्रत्येक जण 'आराम करा' सांगून जायचा. सिस्टरनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, हा थकवा नुसत्या झोपेने जात नाही आणि सतत पडून राहिलं तर अंगातली ताकद आणखी जाते.

रोज सकाळ-संध्याकाळ त्या विचारायच्या, "काकू, आज थकवा दहापैकी किती?" आकडा वहीत लिहायच्या. केमोनंतरचे पहिले काही दिवस 7-8, पुढची केमो जवळ येईपर्यंत 3. त्यावरून दिवस आखला. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, मग थोडं टेकून नाश्ता. दुपारची झोप पाऊण तासच, नाहीतर रात्री डोळा लागायचा नाही. संध्याकाळी पॅसेजमध्ये हळूहळू फेऱ्या.

"काकू, तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचंय?" हेही त्यांनी विचारलं. आई म्हणाली, देवपूजा. मग भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या आमच्याकडे आल्या आणि आईची ताकद पूजेसाठी राखली गेली. देव टेबलावर मांडले, आई खुर्चीत बसून फुलं वाहायची. तेवढा वेळ तिचा चेहरा पहिल्यासारखा दिसायचा. यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

एकदा फेरी अर्धी व्हायच्या आत आईला धाप लागली. सिस्टरनी तिला बसवलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. हिमोग्लोबिन 7.4 निघालं. रक्त चढवल्यावर थकव्याचा आकडा 8 वरून 5 वर आला.

आता तक्रार. सिस्टरच्या सुट्टीला ब्यूरोने बदली म्हणून अटेंडंट (नर्सिंग न शिकलेली मदतनीस) पाठवली आणि पैसे नर्सचे लावले. भांडल्यावर फरक पुढच्या बिलातून वजा केला. म्हणून बुक करतानाच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, केमोच्या वॉर्डात काम केलेली सिस्टर मागा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा आणि बदलीवर कोण येणार ते लिहून घ्या.