भाड्याच्या घराचं रिनोव्हेशन: एकच कॉन्ट्रॅक्टर, लेबर रेट की सुटे मिस्त्री?

भाडेकरू गेला, चावी हातात आली, आत जाऊन बघितलं तर बाथरूमच्या भिंतीला ओल, स्विचबोर्ड पिवळे पडलेले, दोन दारं फुगलेली. काम काढायचं हे नक्की, घोडं अडतं ते कोणाला द्यायचं यावर. स्वतः राहायचं घर असतं तेव्हा माणूस हौसेने सहा महिने पण घालवतो, इथे मात्र घर रिकामं असलेला प्रत्येक दिवस भाडं खातोय, त्यामुळे हिशोबच वेगळा. मी भाड्याच्या घरांची कामं तिन्ही पद्धतींनी करून घेतलीयेत आणि तिन्हींत कुठे ना कुठे हात पोळलेत, म्हणून लिहितेय.

तीन पद्धती म्हणजे, एक, सगळं एकाच कॉन्ट्रॅक्टरला मटेरियलसकट देऊन टाकायचं. दोन, लेबर रेट, म्हणजे माणसं त्याची, सामान आपण आणून द्यायचं. तीन, सुटे लोक, गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा, इलेक्ट्रिशियन, सुतार, पेंटर सगळे वेगवेगळे आणि मुकादम आपणच.

लोक विचारतात यातली चांगली कुठली. मला वाटतं प्रश्नच जरा चुकतो. काम तिन्हीकडे बिघडू शकतं, फक्त बिघडायची जागा वेगळी असते, आणि ती जागा समोरच्याला पैसे कशाचे मिळतायत त्यावरून आधीच कळते. ठरीव रकमेत मटेरियलसकट घेतलेला माणूस सामानात वाचवणार, स्क्वेअर फुटावर लेबर घेतलेला वेळ वाचवणार म्हणजे भराभर उरकणार, आणि रोजंदारीवरचा माणूस वेळ वाचवणारच नाही! यात कोणी वाईट नाही, तुम्ही-मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. मग यातली कुठली गडबड तुम्हाला नजर ठेवून थांबवता येईल ते बघा आणि ती पद्धत घ्या.

आधी पैशाचं, कारण सगळ्यांना वाटतं सुटे मिस्त्री म्हणजे स्वस्त. कोटेशनवर असतातही. पण भाड्याच्या घराचा खर्च भाड्याच्या महिन्यांत मोजून बघा. समजा पूर्ण काम मटेरियलसकट ८ महिन्यांच्या भाड्याइतकं होतंय आणि सुटे लोक लावून त्यात १५ टक्के वाचतायत, तर वाचले १.२ महिन्यांचं भाडं, म्हणजे साधारण ३६ दिवस. सुटे लोक लावून काम ३६ दिवसांपेक्षा जास्त लांबलं की वाचलेलं सगळं गेलं, वर तुमच्या चकरा आणि फोन फुकट. आणि इथे एक चूक बरेच जण करतात, रिकाम्या महिन्याच्या तोट्यात बुडालेलं भाडं पण धरतात आणि कर्जाचा हप्ता पण. हप्ता भाडेकरू असताना पण जातोच ना, तोटा फक्त न आलेल्या भाड्याचा.

बरं, आता एकच कॉन्ट्रॅक्टर. सगळ्यात मोठा फायदा असा की काही बिघडलं तर बोट दाखवायला एकच माणूस आहे. दुसरा फायदा क्रमाचा. तोडफोड, मग पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्या (म्हणजे भिंतीत खोदलेल्या खाचा), मग वॉटरप्रूफिंग, टाइल, सुतारकाम, रंग, फिटिंग, ही साखळी तो जुळवतो, आपल्याला रात्री झोप लागते. तोटा म्हणजे जे झाकलं जाणार तिथे हात आखडता. वॉटरप्रूफिंगचे दोन कोट ठरले असतील तर एक, टाइलखाली पूर्ण थर न देता चार कोपऱ्यांत गोळे, गीझरच्या लाइनला बारीक वायर. वरून सगळं चकाचक दिसतं आणि वर्षभराने भाडेकरूचा फोन येतो.

त्यामुळे या पद्धतीत तुमची सगळी मेहनत काम सुरू व्हायच्या आधी असते. 'चांगल्या क्वालिटीचं मटेरियल' असं कोटेशनमध्ये लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. कंपनी, मॉडेल, किती कोट, वायर किती स्क्वेअर एमएमची, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा लावणार की नाही, टाइल व्हिट्रिफाइड म्हणजे पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत असलेली की साधी सिरॅमिक, सगळं लिहून. आणि भिंत बंद व्हायच्या आधी पाइप-वायरिंगचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. हे फोटो पुढे भाडेकरूने ड्रिल मारायची परवानगी मागितली की सोन्यासारखे कामाला येतात. तीन कोटेशनं लावून बघताना सगळ्यात कमी असेल त्यात काय नाहीये ते शोधा, राबिट म्हणजे तोडफोडीचा मलबा उचलणं, शेवटची साफसफाई, नळ-दिवे बसवायची मजुरी, या ओळी हमखास गायब असतात आणि मग 'एक्स्ट्रा' म्हणून परत येतात.

उशीर झाला तर दंड लावायचा का? मी एकदा लावला होता, दिवसाला अमुक. काम वेळेत झालं हो, पण नवीन प्लास्टर पुरतं सुकायच्या आतच पुट्टी आणि रंग मारून मोकळे झाले, पुढे सगळा रंग फोडांसारखा सुटला. नवीन प्लास्टर सुकायला साधारण ४ आठवडे तरी द्यावेत असं म्हणतात, आणि घाईत असलेला माणूस सगळ्यात आधी सुकायचा वेळच कापतो कारण तो कापलेला त्या दिवशी दिसत नाही. आता मी दंड लावत नाही, हप्ते कामाच्या टप्प्याला बांधते आणि शेवटचे ५ ते १० टक्के दोन-तीन महिने हातात ठेवते. हे आधीच बोलून घ्यायचं, शेवटी काढलं तर भांडण ठरलेलं.

लेबर रेटचं वेगळंच. सामान आपण घेतो म्हणजे थेट दिसतं काय लागतंय, आणि ज्यांची दोन-चार घरं भाड्याने आहेत त्यांना यात एक फायदा आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळ्या घरांत एकच नळ, एकच कुलूप, एकच रंगाचा कोड, एकच टाइल. एका घरातला नळ गेला तर दुसऱ्यासाठी आणलेला स्पेअर चालतो, भाडेकरू बदलला की भिंत एका कोटात निघते कारण शेड तीच आहे. एकट्या कॉन्ट्रॅक्टरकडून पण हे करून घेता येतं पण मग प्रत्येक वस्तूसाठी त्याच्या मागे लागावं लागतं, कारण त्याला जिथे मार्जिन जास्त ती वस्तू हवी असते.

पण लेबर रेटमध्ये सामान संपलं की काम थांबलं, आणि सामान संपतं ते नेमकं तुम्ही मीटिंगमध्ये असताना. 'मॅडम, अजून दोन गोणी लागतील' हा फोन मी इतक्या वेळा ऐकलाय की हसू येतं. गवंडी रिकामा बसला तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार हे आधी ठरवून ठेवा. आणि सामान आपलं असल्यामुळे जपून वापरायचं त्याला कारण नाही. टाइल सरळ लावायच्या असतील तर मापापेक्षा १० टक्के जास्त घेतल्या की सहसा पुरतात, तिरक्या पॅटर्नला १५ पर्यंत, याच्या वर मागितल्या तर तुटलेल्या कुठे गेल्या ते बघायला मागा. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना हे उघडायच्या आधी तपासा, आणि एक बॉक्स माळ्यावर राखून ठेवा. मोजमाप कसं धरणार ते पण आधी लिहून घ्या, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) रनिंग फुटात म्हणजे नुसत्या लांबीवर की स्क्वेअर फुटात, खिडकीची जागा वजा होणार की नाही. शेवटच्या बिलाची निम्मी भांडणं इथेच होतात.

आणि इथे काम भराभर उरकलं जातं हे विसरू नका. टाइल लावून झाल्या की नाण्याने ठोकत फिरा, पोकळ आवाज आला की खाली मसाला नाही. बाथरूमला ढाळ मीटरला एक ते दोन सेंटीमीटर तरी हवा, बादलीभर पाणी ओतून बघा जाळीकडे जातं का, हे त्याच्यासमोर करायचं आणि हप्ता द्यायच्या आधी करायचं.

सुटे मिस्त्री मला मनापासून आवडतात, हे कबूल करते. प्रत्येकजण आपल्या कामातला दर्दी असतो, सुतार दार बसवताना आपल्याशी बोलतो, गवंडी गुण्या लावून काटकोन बरोबर आहे ते दाखवतो. पण एका फ्लॅटमध्ये माझं काय झालं ते सांगते. टाइल लागल्या, आठवड्याभरात खालच्यांच्या छताला ओल. प्लंबर म्हणतो गवंड्याने छिन्नी मारताना पाइपला लागली, गवंडी म्हणतो जॉइंटच कच्चा होता. दोघांचे पैसे देऊन झालेले, दोघंही गोड बोलतात, दोघंही उद्या येतो म्हणतात. शेवटी फोडायचा खर्च मी केला, जोडायचा पण मीच, आणि तेव्हा त्या शेडच्या टाइल मिळेनात म्हणून बाथरूममध्ये एक पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, येणारा प्रत्येक भाडेकरू विचारतो ही डिझाइन आहे का, मी हो म्हणते.

तेव्हापासून एक नियम, सुट्या लोकांत प्रत्येकाचा शेवटचा हप्ता पुढच्या माणसाचं काम झाल्यावर. प्लंबरने पाइप टाकले की भिंत बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंग झालं की २४ ते ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचं छत बघायचं, हे गवंडी आणि प्लंबर दोघांच्या देखत. त्यानंतर टाइल. म्हणजे गळती निघाली तर कोणाची ते त्याच दिवशी कळतं. हे करायला तुम्ही तिथे असायला हवं हीच या पद्धतीची खरी किंमत. रोज तासभर साइटवर जाता येत नसेल तर सुट्या लोकांच्या नादी लागू नका, दोन कामांच्या मध्ये तीन-चार दिवसांची फट पडते, सुतार दुसरीकडे अडकतो, त्याच्यामुळे पेंटर अडकतो, आणि ते ३६ दिवस कधी संपले कळत नाही.

अजून एक गोष्ट जी कोणी आधी बघत नाही, माणूस पडला, शॉक लागला तर जबाबदारी कोणाची. कॉन्ट्रॅक्टरकडे त्याच्या लोकांचा विमा आहे का हे सरळ विचारा आणि कागद बघा. सुट्या लोकांच्या बाबतीत ते घरमालकाच्या अंगावर येऊ शकतं.

मधला रस्ता म्हणून काहीजण सुपरवायझर ठेवतात, लेबर आणि मिस्त्री तो बघतो. बाहेरगावी राहणाऱ्यांना बरं पडतं. फक्त त्याची फी एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरवू नका, खर्च वाढला की त्याची फी वाढणार, मग तो वाढीव कामाला नाही कशाला म्हणेल? एक ठरीव रक्कम, दोन-तीन टप्प्यांत.

मग निवडायचं कसं. घर दूर आहे, बाथरूम-किचन-वायरिंग सगळंच उघडायचंय, तर एकच कॉन्ट्रॅक्टर, आणि पहिला आठवडा नुसता कागदावर घालवा. त्याचं जुनं काम बघायला मागताना गेल्या महिन्यातलं नको, दोन वर्षांपूर्वीचं मागा, नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. दोन-चार घरं आहेत, जवळपास आहेत, मटेरियल ठेवायला एखादी खोली आहे, तर लेबर रेट. आणि फक्त रंग, दारं, दोन-चार दिवे असं भाडेकरू बदलतानाचं किरकोळ काम असेल तर सुटे लोकच, त्यासाठी कॉन्ट्रॅक्टर बोलावला तर तो एकतर येणार नाही किंवा डोळे पांढरे होतील असा आकडा सांगेल. मी सध्या मिसळ करते, पाण्याशी संबंध असलेलं सगळं, म्हणजे प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल, एकाच माणसाला, आणि कोरडं काम सुट्यांना. गळतीला एक मालक मिळतो आणि बाकी ठिकाणी पैसे वाचतात. वाढीव काम कुठलंही असो, व्हॉट्सॲपवर रक्कम आणि किती दिवस वाढणार हे दोन्ही लिहून आल्याशिवाय 'हो' म्हणत नाही.

आणि हो, पेंटरचा शेवटचा हप्ता कुलपं, दिवे, पंखे, नळ सगळं बसल्यानंतरच द्या, कारण फिटिंगवाला जाताना भिंतीला हात पुसतोच.