मॉडेल इंजिनावरचा नंबर बदलायचाय? जुना काढायचा कशाने आणि नवीन लावायचा कुठला

एकाच नंबरची दोन इंजिनं मॉडेल रेल्वेच्या एका लेआउटवर पळताना बघवत नाहीत, म्हणून नंबर बदलायचा विचार बरेच जण करतात आणि मग दोन ठिकाणी अडकतात, जुना नंबर खोडायचा कशाने आणि नवीन कुठल्या प्रकारचा घ्यायचा. मी इथे ब्रिटिश ओओ गेजपुरतंच बोलतोय, म्हणजे १:७६ ची मॉडेल्स, हॉर्नबी, बाकमन वगैरे. एचओ (१:८७) वाल्यांना पद्धती त्याच लागू पडतील, फक्त ट्रान्सफर (मॉडेलवर चिकटवायचे छापील आकडे) वेगळे घ्यावे लागतील.

त्याआधी नंबर कुठला निवडायचा ते बघा, कारण माझ्या मते निम्मं काम तिथेच आहे. नंबर नुसता आवडला म्हणून घ्यायचा नाही, आपल्या मॉडेलच्या बांधणीला तो जुळला पाहिजे. ब्लॅक फाइव्ह या प्रकारची वाफेची इंजिनं १९३४ ते १९५१ मध्ये तब्बल ८४२ बनली आणि ती सगळी सारखी अजिबात नाहीत, सुरुवातीच्या बॉयलरना डोम (वरचा घुमट) नव्हता, ४४७३८ ते ४४७५७ ही कॅप्रोटी व्हॉल्व्ह गिअरची (सिलिंडरला वाफ सोडणारी वेगळी यंत्रणा), ४४७६७ ला तर बाहेरून स्टीफन्सन गिअर, शिवाय टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) कुठे रिव्हेटचे तर कुठे वेल्डिंगचे. डिझेलमध्येही तेच. क्लास ३७ मध्ये डी६७०० ते डी६८१८ ला पुढे दोन वेगवेगळे हेडकोड बॉक्स (गाडीचा कोड दाखवणाऱ्या चौकटी), डी६८१९ पासून मध्ये एकच. त्यामुळे तुमचं मॉडेल दोन बॉक्सवालं असेल तर पुढच्या सिरीजचा नंबर त्यावर कधीच बरोबर दिसणार नाही. तुमच्या मॉडेलची लिव्हरी (रंगसंगती) ज्या काळातली आहे त्याच काळातला खऱ्या इंजिनाचा फोटो शोधा, तो मिळाला की मगच ट्रान्सफरची ऑर्डर टाका.

आता खोडणं. फॅक्टरीतला नंबर पॅड प्रिंटिंगचा असतो, म्हणजे रंगावर शाईचा अगदी पातळ थर, आपल्याला फक्त तो थर उचलायचाय, खालचा रंग नाही. बीआरच्या (ब्रिटिश रेल्वेच्या) काळातले केबवरचे (ड्रायव्हरच्या केबिनवरचे) आकडे खऱ्या इंजिनावर साधारण ८ इंचाचे, म्हणजे मॉडेलवर जेमतेम २.७ मिमी उंच, तेव्हा काम किती बारीक आहे ते लक्षात येईल.

आयसोप्रोपिल अल्कोहोल लवकर काम करतं, मिळतंही सहज, पण त्याचा भरवसा नाही, काही मॉडेल्सवर शाईसोबत खालचा रंगही उचलतं आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. इनॅमल थिनर किंवा व्हाइट स्पिरिट हळू चालतं, आणि मला तोच त्याचा गुण वाटतो, कारण थांबायला वेळ मिळतो. आपल्याकडे पेंटच्या दुकानात हे मिनरल टर्पेन्टाइन म्हणून मिळतं. दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हणू नका, बऱ्याचदा एनसी थिनर हातात ठेवतात आणि ते प्लास्टिकच वितळवतं, नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. टी-कट, म्हणजे गाडीचं स्क्रॅच काढायचं पॉलिश, ते शाई झिजवून काढतं, रंग बऱ्यापैकी वाचतो पण जागा चकचकीत होते. फायबरग्लासच्या पेन्सिलने नंबर निघतो, ओरखडेही तितकेच उठतात आणि काचेचे तंतू बोटात घुसतात ते वेगळंच. मी तरी ती नंबरसाठी वापरायला सांगणार नाही.

पद्धत अशी. टूथपिकचं टोक कापून छिन्नीसारखं चपटं करायचं, टर्पेन्टाइनमध्ये बुडवून टिश्यूवर टिपायचं, एका आकड्यावर ओल लावून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग हलक्या हाताने घासायचं. लाकूड पिवळट पांढरं व्हायला लागलं की शाई निघतेय, काळं किंवा हिरवं व्हायला लागलं की ताबडतोब थांबा, तो खालचा रंग आहे. आधी टेंडरच्या किंवा बॉडीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून बघायचं, हे चुकवू नका.

नुसता वरून रंग मारून नंबर झाकायचा पर्यायही लोक विचारतात. तिरप्या उजेडात जुन्या आकड्यांचा उठाव दिसतो, नकोच.

नवीन नंबरमध्ये वॉटरस्लाइड सगळ्यात सोयीचे. फॉक्स, मॉडेलमास्टर, रेलटेक या कंपन्यांचे मिळतात, पाण्यात भिजवायचे, जागेवर सरकवायचे, हवे तसे हलवता येतात. अडचण एकच, भोवतीची पारदर्शक फिल्म. मॅट रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकून फिल्म चंदेरी दिसते, म्हणून आधी तेवढ्या भागावर ग्लॉस वार्निश, मग ट्रान्सफर, वरून मायक्रो सोल (फिल्म मऊ करून रंगावर बसवणारं द्रव), आणि शेवटी सगळीकडे सॅटिन किंवा मॅट वार्निश. याच शेवटच्या हातात टी-कटची चकाकीही झाकली जाते. एचएमआरएसच्या (हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटीच्या) प्रेसफिक्सला फिल्म नसते, आकडे एकदम रंगवल्यासारखे दिसतात, पण ते चिकट असतात, एकदा दाबले की हलवणं अवघड. त्यांचेच मेथफिक्स स्पिरिटवर लागतात, सरळ करायला वेळ मिळतो, पण सवय व्हायला लागते. पाच आकडे एका ओळीत आणायचे असतील आणि पहिल्यांदाच करत असाल तर वॉटरस्लाइडच घ्या, पूर्ण नंबर एकत्र छापलेला मिळाला तर आणखी सोपं.

घरच्या इंकजेटवर डेकल पेपर छापायचा विचार असेल तर तो काळ्या किंवा हिरव्या इंजिनासाठी सोडून द्या, साधा प्रिंटर पांढरा किंवा क्रीम रंग छापतच नाही.

ग्रेट वेस्टर्नचं इंजिन असेल तर तुम्ही नशीबवान. १९४८ ला ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा एलएमएसच्या बहुतेक नंबरांत ४०,००० मिळवले, एलएनईआरच्या ६०,००० आणि सदर्नच्या ३०,०००, पण ग्रेट वेस्टर्नचे नंबर तसेच ठेवले कारण ते केबवर ओतीव पाट्यांवर होते. त्यामुळे मॉडेललाही एच केलेली (रसायनाने कोरलेली) ब्रासची पाटी लावायची, ती छापील नंबर झाकते, खोडायची कटकटच नाही. वार्निशच्या बारीक थेंबाने चिकटवा, सुपरग्लू नको, वाफेने भोवती पांढरं धुकं धरतं आणि पाटी वाकडी बसली तर सरळ करता येत नाही. पाटी थोडी महाग पडते पण दिसायला तिला तोड नाही.

सगळे आकडे बदलायचे की एक-दोनच? एक-दोन बदलले तर काम कमी, पण छापील क्रीम आणि ट्रान्सफरचं क्रीम क्वचितच जुळतं, शेजारी शेजारी फरक लगेच दिसतो. म्हणून मी एका बाजूचे सगळेच बदलायच्या बाजूचा. अपवाद एक, ८ ची डावी बाजू खोडून ३ करता येतो, तिथे शाई फॅक्टरीचीच राहते. बदलायचा नंबर तसा जमत असेल तर ट्रान्सफर लागतच नाही, फक्त मॅग्निफायर आणि सावकाश हात हवा, आणि ३ चा आकार त्या फॉन्टमध्ये ८ शी जुळतोय का ते आधी फोटोत बघून घ्या.

केबच्या दोन्ही बाजू झाल्या तरी स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या) दारावरची पाटी राहते. ती इतकी छोटी की खोडण्यापेक्षा नवीन एच केलेली किंवा ट्रान्सफरची पाटी वर चिकटवलेली बरी. खालची शेडची (इंजिन ठेवायच्या ठिकाणाची) पाटीही त्या वर्षी इंजिन ज्या शेडला होतं तिचीच लावा, फोटो त्यासाठीच हाताशी हवा.